मागलं पान काका

आमच्या काकांनी आयुष्यात कुणाला एक वचन सरळ शेवटपर्यंत म्हणू दिलं असेल, तर मी माझी बी.एस्सी.ची पदवी विद्यापीठाला परत करायला तयार आहे. शुक्रवारी सकाळी कुवेतमधल्या अब्बासियातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आमची मराठी उपासना भरते. पंधरा-सोळा माणसं, खिडक्या लावलेल्या, एसी घरघरतोय, आणि पेटी शेजाऱ्यांना त्रास होणार नाही इतकी हळू. कुणीतरी डोळे मिटून, आवाज थरथरवून बायबलच्या नव्या करारातलं एखादं वचन सुरू करायचं. ते निम्म्यावर आलं की कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून आवाज यायचा, "थांब, थांब. हे त्यानं कुठनं उचललं? मागलं पान काढ."

मागलं पान म्हणजे जुना करार. नव्या करारातल्या लेखकांनी संदेष्ट्यांची शेकडो वाक्यं उचलून आपल्या लिखाणात घेतली आहेत. ते वाक्य दिसलं की काकांना चैन पडायचं नाही. होशेयाचं असेल तर होशेय उघडायचा, आमोसाचं असेल तर आमोस. बरं, तेवढं एक वाक्य वाचून सुटका नाही. अख्खा अध्याय वाचायचा. मग त्यांचा ठरलेला प्रश्न, "हे पहिल्यांदा कुणाला सांगितलं होतं? आपल्याला का?" आपल्याला नाही, हे उत्तर पाच वर्षांच्या पोरालाही पाठ झालं होतं. पाळक नसलेली आमची मंडळी, तासाभराची उपासना अडीच तास चालायची, आणि स्वयंपाकघरात बिर्याणी गार व्हायची. त्यांचं खरं नाव मला पहिली दोन वर्षं माहीत नव्हतं. सगळे 'मागलं पान काका' म्हणायचे, तेही ओ द्यायचे.

मूळचे नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. शिक्षण सातवी. एकतीस वर्षं कुवेतमध्ये, सगळी राई भागातल्या एकाच गोदामात, गाड्यांच्या सुट्या भागांचे स्टोअरकीपर. ठेंगणे, डोक्यावर मोजून वीस केस, आणि ते वीसही रोज तेल लावून बसवलेले. शर्टाच्या खिशात दोन पेनं, निळं आणि लाल. निळं कंपनीचं, लाल पवित्र शास्त्राचं. घोटाळा कधी झाला नाही.

आता माझं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मी जालना जिल्ह्यातली. आजोबा अंगठा उठवायचे, वडील गवंड्याच्या हाताखाली विटा वाहायचे, आणि मी बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. आमच्या घराण्यात पहिली. आज शुऐब्यातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. लग्नपत्रिकेवर माझ्या नावापुढे मी पदवी छापायला लावली होती, नवऱ्याच्या नावापुढे काही नव्हतं तरी. लोक हसले. हसू देत. तर अशा मला एका सातवी पास माणसाने भर उपासनेत अडवलं, तेव्हा माझा जो पारा चढला तो तुम्ही समजून घ्या.

नाताळच्या आधीचा शुक्रवार होता. संदेश द्यायची पाळी माझी. मी रात्र रात्र तयारी केलेली. मत्तय सांगतो त्याप्रमाणे योसेफ बाळाला घेऊन मिसरात पळाला, तिथून परत आला, आणि 'मिसरातून मी माझ्या मुलाला बोलावलं' हे संदेष्ट्याचं म्हणणं खरं झालं. मी म्हटलं, "बघा, किती शतकं आधी येशूबद्दल सांगून ठेवलं होतं!" सगळे 'आमेन' म्हणाले. कोपऱ्यातून आलं, "मागलं पान."

होशेय उघडला. काकांनी मलाच वाचायला लावलं. वाचता वाचता माझा आवाज बसत गेला. तिथला मुलगा म्हणजे इस्राएल. सगळं राष्ट्र. आणि होशेय पुढचं काही सांगतच नव्हता, मागची आठवण काढत होता. पोर लहान होतं तेव्हा मी त्याला मिसरातून बाहेर आणलं, आणि ते कार्टं मात्र मूर्तींच्या मागे गेलं, असं बापाने कुरकुरावं तसं.

मी पुस्तक मिटलं आणि सरळ विचारलं, "म्हणजे मत्तयाने खोटं लिहिलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"खोटं कशाला लिहील? त्यानं बसवलंय."

"बसवलंय म्हणजे?"

"तुला इथं नाही कळायचं. उद्या गोदामात ये. आणि रागावू नको, वाचलंस लई छान. शाळेत गेलेल्या माणसाचं वाचणं लगेच कळतं."

त्या शेवटच्या वाक्यामुळे मी गेले. नाहीतर गेले नसते, खोटं कशाला बोलू.

राईतलं ते गोदाम म्हणजे छतापर्यंत लोखंडी रॅक, त्यात हजारो खोकी आणि रबराचा वास. काका काउंटरमागे राजासारखे. तेवढ्यात एक इजिप्शियन मेकॅनिक हातात मोडका वॉटर पंप घेऊन आला आणि आरडाओरडा करायला लागला. काकांनी शांतपणे आपल्या नगरी अरबीत विचारलं, "अय्य सय्यारा?" कुठली गाडी? तो म्हणाला, गाडी गेली खड्ड्यात, असाच दुसरा द्या. काका म्हणाले, आधी गाडी. पाच मिनिटं ही हमरीतुमरी चालली. शेवटी गाडी कळली, मॉडेल कळलं, वर्ष कळलं. मग काका शिडीवर चढले आणि भलत्याच गाडीचं खोकं घेऊन उतरले.

"हा तर दुसऱ्या गाडीचा!" मी म्हटलं.

"व्हय. पण बसतो. का बसतो ते मला ठाऊक आहे, कारण दोन्ही गाड्या कुणाच्या हातच्या ते ठाऊक आहे. कारखाना एकच." त्यांनी पंप माझ्या हातात दिला. "आता ऐक. काही मेकॅनिक असे असतात की भोकं जुळली नाहीत तर हातोडा घेतात. ठोकून बसवतात. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत जाते. तू काल हातोडा घेतला होतास."

"आणि मत्तयाने?"

"मत्तय यहूदी माणूस. होशेय त्याला तोंडपाठ. पार्ट कुठल्या गाडीचा हे त्याला तुझ्याआधी माहीत. तो काय म्हणतो, इस्राएल नावाचं लेकरू मिसरात गेलं, समुद्रातनं वाट काढून बाहेर आलं, आणि रानात बिघडलं. हे दुसरं लेकरू त्याच रस्त्यानं निघालंय. तोच मिसर, तेच पाणी, तेच रान. हे बिघडत नाही. मत्तयाला पहिली गाडी पुसायची नव्हती, त्याला सांगायचं होतं की कारखाना तोच आहे. पण पहिली गाडी कुठली ते ज्याला ठाऊक नाही, त्याला ह्यातली गंमत काय कळणार?"

पंधरा वर्षं शिकले, पण 'हे पहिल्यांदा कुणाला लिहिलं होतं' हा प्रश्न मला कुठल्याही मास्तरने शिकवला नव्हता. त्या दिवसापासून मी काकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला लागले.

आमच्यात सॅमसन नावाचा एक पुण्याचा मुलगा होता, आयटीमधला, बोलायला चुरचुरीत. त्याच्या मोबाईलमध्ये भविष्यवाण्यांचे व्हिडिओ भरलेले. एके शुक्रवारी त्याने चक्क रंगीत तक्ता छापून आणला. इस्राएलाबद्दलचं कुठलं वचन कुठल्या वर्षी पूर्ण होणार, बाण काढून, चौकटी करून. काकांनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.

"रंग छान दिलेत," ते म्हणाले. "आता मला सांग, शिष्यांनी शेवटचा प्रश्न काय विचारला?"

सॅमसन म्हणाला, "विचारलं की, प्रभू, इस्राएलचं राज्य आत्ता परत उभं करणार का?"

"बघ. तीन वर्षं बरोबर हिंडले, वधस्तंभ बघितला, उघडी कबर बघितली. तरी मनात तेच. कधी मिळणार आमचं राज्य? आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. आज्यापणज्यापासून वाट बघत होते बिचारे. यिर्मयानं सांगितलेलं, यहेज्केलानं सांगितलेलं, आता नाही विचारायचं तर कधी? पण उत्तर काय मिळालं?"

"की काळवेळ जाणणं तुमच्याकडे नाही."

"शिष्यांना तोंडावर नाही सांगितली ती तारीख तुला मोबाईलवर मिळाली? भाग्यवान आहेस."

सॅमसनसकट सगळे हसले. काकांनी तक्ता नीट घडी करून परत दिला. मात्र त्यानंतर जे बोलले ते हसत नाही बोलले. त्यांच्या काउंटरवर बिलं करणारा अबू सालेम हा पॅलेस्टिनी गृहस्थ, जन्म कुवेतचा. वडिलांचं गाव त्याने कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण तिथली गल्ली न् गल्ली सांगतो, कुठे विहीर, कुठे अंजिराचं झाड. "परतीचं वचन मोठ्यानं वाचताना जरा सांभाळून वाचावं," काका म्हणाले. "शेजारच्या टेबलावर कुणीतरी तसंच थांबलेलं असतं. आणि आपण कोण? यरुशलेमेत प्रेषितांची बैठक भरली, परराष्ट्रीयांना आत घ्यायचं का म्हणून. तेव्हा याकोबानं आमोस काढला. दाविदाचा पडका मांडव मी पुन्हा उभारीन. आणि म्हणाला, हा मांडव उभा राहतोय तो दुसऱ्या राष्ट्रांनीही यावं म्हणूनच. म्हणून तू न् मी आत. आपण त्या मांडवात मागनं आलेली माणसं. पाहुण्यानं बसावं, जेवावं. यजमानाला जागा दाखवू नये."

आमच्याकडे एक रीत आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या शुक्रवारी वचनांची पेटी फिरते. पत्र्याचा एक बिस्किटांचा डबा, त्यात छोटी छोटी कार्डं, प्रत्येकावर एक वचन. डोळे मिटून प्रत्येकाने एक उचलायचं, ते आपलं वर्षभराचं. लोक ते पाकिटात ठेवतात, फ्रिजवर लावतात. मी बी.एस्सी. असले तरी मीही लावते. काकांचा या रीतीवर फार राग, पण डबा सांभाळायचं काम त्यांच्याकडेच. "कुणाचीबी चिठ्ठी कुणालाबी," म्हणायचे. घराघरांत टांगलेल्या त्या एका चौकटीवर तर त्यांचा विशेष लोभ, यिर्मयाने बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं, एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन, देव तुम्हाला आशा आणि चांगला शेवट देईल ते. "अकराव्याला काच बसवली," ते म्हणायचे. "दहाव्यात सत्तर वर्षं लिहिलीत, ती कोण वाचणार? ज्याला पत्र आलं तो मरून जाईल, मग नातवाला आशा आणि चांगला शेवट. हे लावा की भिंतीवर!"

तर त्या डब्यात एक कार्ड होतं, त्याच पत्रातलं. मी तुम्हाला सगळ्या राष्ट्रांतून गोळा करून तुमच्या जागी परत आणीन, अशा अर्थाचं. दुसऱ्या कुठल्याही गावात हे कार्ड निघालं तर लोक आनंदाने रडतील. कुवेतमध्ये याचा अर्थ एकच, नोकरी गेली. एका वर्षी आमच्या शीलाताईंना ते निघालं. त्यांनी विंचू चावल्यासारखं टाकलं आणि म्हणाल्या, "मी नीट ढवळलं नव्हतं, परत उचलते." तेव्हापासून डबा समोर आला की प्रत्येक जण बोटांनी चाचपून बघायचा. त्या कार्डाचा एक कोपरा दुमडलेला होता, सगळ्यांना माहीत. देवाचं वचन, आणि आम्ही ते टाळायचो! सॅमसनने एकदा सुचवलं की सरळ काढूनच टाका. काका म्हणाले, "तुला भीती वाटते म्हणून यिर्मयाचं पत्र फाडू का?"

आणि काकांची साठी भरायची होती त्या वर्षी ते कार्ड काकांनाच निघालं. त्यांनी चाचपलं नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगेन. काकांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "पत्ता चुकला. हे पार्सल बाबेलातल्या बंदिवानांचं. दुसऱ्याचं पार्सल मी नाही फोडायचा." आणि कार्ड परत डब्यात टाकलं. सगळे मोकळे होऊन हसले. मी त्यांच्या शेजारी बसले होते. पुसलेला चष्मा ते पुन्हा पुसायला लागले होते.

मार्चमध्ये काकांना साठ वर्षं पूर्ण झाली. त्या काळात नियम कडक झाला होता. साठी ओलांडलेल्या माणसाकडे पदवी नसेल, तर त्याचा परवाना सहजी वाढत नव्हता, आणि वाढवायचा तर खर्च एवढा की कंपनीने तो करायची तयारी दाखवली नाही. कंपनीच्या कागदपत्रांची कामं करणारा मंदूब येऊन सांगून गेला, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपेपर्यंत राहा, पुढे खल्लास. एकतीस वर्षांत ज्याने एक खोकं चुकीच्या रॅकमध्ये ठेवलं नाही, त्याला निरोप द्यायला त्या माणसाला चार मिनिटं लागली. तोही बिचारा काय करणार.

सॅमसन धावत आला. त्याच्या ओळखीत एक एजंट होता. "काका, काळजी सोडा. दोन आठवड्यांत तुम्हाला बी.ए. करून टाकतो. शिक्क्यासकट."

"कुठल्या विषयात?" काकांनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल त्या!"

"इतिहास घे मग. निदान मागलं काहीतरी असेल त्यात."

सॅमसनला ते खरंच वाटलं. तो फॉर्म आणायला गेला. मी आणि काका दोघेच उरलो. आणि आता जे सांगते त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "घ्या ना काका. कोण बघायला येतंय? कागदच तर आहे."

काकांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "तू कॉलेजला कशी जायचीस?"

"एस.टी.ने."

"किती वाजता?"

"सहाला. त्याआधी पाणी भरून."

"आणि तुझ्या बापानं तुझ्या फीसाठी किती विटा वाहिल्या?"

"मोजल्या नाहीत," मी म्हटलं.

"तो कागद म्हणतेस तू? लग्नपत्रिकेवर छापलास तो? मला दोन आठवड्यांत देतो म्हणतोय तो पोरगा, आणि तू म्हणतेस घ्या. अगं, माझ्यासाठी स्वतःला एवढी स्वस्त करू नको."

नंतर त्यांनी चहा केला, फार गोड करायचे, आणि चहा पिता पिता खरं दुखणं बाहेर आलं. त्यांना नोकरीचं दुःख नव्हतं. त्यांना घरी जायची भीती वाटत होती.

"दोन वर्षांनी एक महिना सुट्टी," ते म्हणाले. "जोडून बघ. एकतीस वर्षांचं लग्न आणि सोळा महिन्यांचा संसार. मी सुट्टीतला नवरा आहे, बाई. घरी गेलो की मला नवा टॉवेल काढून देतात. घरच्या माणसाला कधी कुणी नवा टॉवेल देतं का? ती शेत बघते, पोरांची लग्नं तिनं केली, मंडळीची खजिनदार ती. तिचं सगळं माझ्यावाचून नीट बसलेलं आहे. आता मी जाऊन कुठल्या रॅकवर बसू?"

मी चहा संपवला. घरी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता मागलं पान काढलं. यिर्मयाने बंदिवानांना पाठवलेलं ते अख्खं पत्र वाचलं, पहिल्या ओळीपासून. परतीच्या वचनाच्या आधी काय आहे? घरं बांधा, बागा लावा, फळं खा, पोरांची लग्नं करा, आणि ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे परत जायचं वचन देणारा आधी सांगतोय, तिथे नीट राहा.

काकांच्या शेवटच्या शुक्रवारी संदेशाची पाळी मी मागून घेतली. हे सगळं वाचलं, आणि मग त्यांनाच विचारलं, "काका, मला एक सांगा. सत्तर वर्षं घरं बांधली, बागा लावल्या. मग परत जायची वेळ आली तेव्हा त्यांना जावंसं वाटलं का?"

खोलीतले सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मला वाटलं नव्हतं, पण काका खुलले. त्यांना कुणी खरा प्रश्न विचारला की ते असेच खुलायचे.

"बरेच जण गेलेच नाहीत," ते म्हणाले. "तिथंच राहिले. जे गेले त्यांनी मंदिराचा पाया घातला. तेव्हा काय झालं? तरुण पोरांनी आनंदानं आरोळ्या ठोकल्या, आणि ज्या म्हाताऱ्यांनी पहिलं मंदिर बघितलं होतं ते रडले. मोठ्यानं रडले. लांबून ऐकणाऱ्याला कळेना, हा आनंदाचा आवाज आहे का रडण्याचा." त्यांनी पान उलटलं. "परत गेले, पण मनासारखं नाही झालं. राजा नाही, राज्य नाही. म्हणून ती आशा संपली नाही, पुढं सरकत राहिली. यहूदी लोकांनी ती अजून जपली आहे. आणि आपल्या पहिल्या मंडळीनं तेच संदेष्टे परत परत काढले, आणि म्हणाले, हा येशू, ह्याच्यात सुरुवात झाली. सुरुवात म्हणाले, हं! संपलं नाही म्हणाले. ज्याला वाटतं सगळं पुरं झालं, त्यानं एकदा बाहेर रस्त्यावर बघून यावं."

"पण जे गेले, ते कशाला गेले मग?" शीलाताईंनी विचारलं. "इथं सगळं असताना?"

काकांनी लाल पेन खिशात ठेवलं. "ते मी जाऊन सांगतो," ते म्हणाले.

विमानतळावर आम्ही नऊ जण गेलो होतो. अबू सालेमही आला. त्याने काकांच्या दोन्ही गालांची चुंबनं घेतली आणि अरबीत म्हणाला, तुला जायला जागा आहे, जा, माझ्या वाटचंही जा. काका मान खाली घालून आत गेले. पुढचे काही शुक्रवार उपासना तासाभरात आटपायची. बिर्याणी गरम मिळायची, आणि कुणाला ती गोड लागायची नाही. मग एके दिवशी सॅमसन डोळे मिटून वचन म्हणत होता आणि मी बोलून गेले, "थांब. हे कुणाला लिहिलं होतं?" तेव्हापासून परत अडीच तास लागतात.

काकांचा फोन क्वचित यायचा. बरं आहे, पाऊस बरा आहे, एवढंच. घरचं विचारलं की विषय बदलायचे. अडीच महिन्यांनी एका शनिवारी दुपारी त्यांच्याच नंबरवरून फोन आला, पण आवाज बाईमाणसाचा.

"हॅलो, कुवेतच्या बी.एस्सी. बाई का? मी ह्यांच्या घरून बोलते. ह्यांच्या फोनात तुमचं नाव तसंच लिहिलंय."

मी म्हटलं, "बोला काकू."

"एक इचारायचं होतं. ह्यांची सुट्टी किती दिवसांची हाय?"

"सुट्टी?" मी म्हटलं.

"दरवेळी महिना असती," काकू सांगत होत्या. "औंदा अडीच महिने झाले. इचारलं की म्हणतात, बघू. बॅगेचं कुलूप उघडायचं, एक शर्ट काढायचा, परत कुलूप. पोरालाबी काही सांगत नाहीत. तिकडं काही भानगड झाली का? खरं सांगा बाई. तुम्ही खरं बोलता म्हणतात हे."

दुसऱ्याच्या नवरा-बायकोत पडू नये, एवढं मलाही कळतं. पण तो माणूस अडीच महिने आपल्याच घरात कुलूप लावून बसला होता. मी म्हटलं, "काकू, सुट्टी नाहीये. परवाना संपला. ते कायमचे आलेत."

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कायमचे?"

"कायमचे, काकू."

"आणि मी अडीच महिने ह्यांच्या पुढ्यात रोज कोंबडी शिजवून ठेवते!" काकू एकदम कडाडल्या. "एकतीस वर्षांत एक वाकडा शब्द बोलले नाही मी. म्हटलं, महिन्याचं माणूस, कशाला भांडायचं, रडत जाईल विमानात. लई साठलंय माझं, बाई! लई!" आणि मग फोन बाजूला करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक, "अहो! उठा तिथनं! आधी बॅग मोकळी करा. आणि दळण घेऊन या, पीठ संपलंय."

लांबून काकांचा आवाज आला, बारीक, "कुठल्या गिरणीतनं?"

"बघा! गिरणी ठाऊक नाही माणसाला! थांबा, आले. दाखवते चला."

फोन बंद करायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. डबा उचलल्याचा आवाज आला, कडी वाजली, मग दोघांच्या चपला. काकू बोलत चालल्या होत्या. सुरुवात त्यांनी थोरल्याच्या बाप्तिस्म्यापासून केली होती, ज्याला काका आले नव्हते.